हळूबाईंची घंटी

हळूबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या दप्तरात कुठेतरी असेल, पण मुलांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "हळू... अजून हळू..." असं बाई वाक्यागणिक म्हणायच्या, म्हणून पहिल्याच आठवड्यात एका पोराने ते नाव पाडलं आणि ते चिकटलं. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या वरकरणी रागावल्या आणि आतून खूश झाल्या. मुलांनी चिडवायचं नाव ठेवलं म्हणजे आपल्याला आत घेतलं, असं त्यांचं मत होतं. बाईंना मतं पुष्कळ होती, आणि ती ऐकवायला त्या कुणाच्या विचारण्याची वाट बघत बसत नसत.

योग त्यांच्या आयुष्यात आला तो मानेच्या दुखण्यापायी. त्याआधी कित्येक वर्षं त्या वीजपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसत. कानाला यंत्र लावायचं आणि दिवसभर लोकांचा संताप ऐकायचा. दिवे गेलेला माणूस काय काय बोलतो हे ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक. हळूबाईंनी ते इतकं ऐकलं की नुसत्या श्वासावरून त्या ओळखायच्या, हा आता शिव्या देणार की रडणार. शेवटी मान अशी धरली की डावीकडे बघायचं तर अख्ख्या अंगासकट वळावं लागे. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, शेजारीण म्हणाली योग करा, आणि बाई शेजारणीचं ऐकून वर्गाला जाऊ लागल्या. मान सुटली. मग नोकरीही सुटली. मानेमुळे सोडली असं त्या सांगत. जिभेमुळे सुटली असं त्यांचा नवरा सांगे. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता, आणि बायकोच्या बाबतीत खरं बोलायची त्याला खोड होती.

पुढे त्यांनी स्वतःचा वर्ग काढला. मोठ्यांचा वर्ग, गुडघे दुखणाऱ्यांचा आणि झोप न येणाऱ्यांचा. तिथे त्यांची एका गोष्टीवर फार श्रद्धा बसली, ती म्हणजे न हलण्यावर. माणूस हलायचा थांबला की निम्मं काम झालं, असं त्या छातीठोकपणे सांगत. शवासनात पडलेला माणूस घोरायला लागला तरी त्यांना तो साधक वाटायचा. मोठ्यांच्या वर्गात हे खपून गेलं.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्याच वर्गात गुडघ्यासाठी येत. त्यांनीच एके दिवशी विषय काढला. शाळेत काही मुलं आहेत, कुणाचं लक्ष एका जागी ठरत नाही, कुणाचं बूड एका जागी ठरत नाही, काहींचं दोन्ही. डॉक्टरांनी तपासलंय, जी औषधं द्यायची ती दिली आहेत. त्याच्या जोडीला योगाने काही हातभार लागतो का, बघाल का? हळूबाई लगेच हो म्हणाल्या. लहान मुलंच ती, त्यात काय एवढं, असं त्यांना वाटलं.

व्यायामशाळेच्या मागची खोली त्यांना मिळाली. पूर्वी तिथे मोडके बाक टाकत. बाक हलवले तरी खोलीला खडूचा आणि रबराचा वास होता. उंचावर एकच खिडकी, भिंतीला चढायच्या लाकडी पट्ट्या, छताला जरा डुगडुगणारा पंखा, कोपऱ्यात निळ्या सतरंज्यांच्या गुंडाळ्या. पहिल्या दिवशी हळूबाईंनी मुलांना मांडी घालून बसवलं, "डोळे मिटा" म्हणाल्या, आणि स्वतःही मिटले. उघडले तेव्हा समोर फक्त बूट होते. मुलं सतरंज्यांचे बोगदे करून आत शिरली होती, आणि एक जण पट्ट्यांवरून चढून पार खिडकीपाशी पोचला होता. त्याला सगळी शाळा भिंगरी म्हणत असे. "बाई, इथून दवाखाना दिसतो," असं तो वरून सांगत होता. त्याला खाली आणता आणता बाईंच्या नाकी नऊ आले. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "ती मुलं नाहीत, वारं आहे." नवरा म्हणाला, "मग खिडकी लावून घे."

पण हळूबाई जात्याच हट्टी. त्या हळूहळू शिकल्या. मुलांना आधी बसवायचं नसतं, आधी दमवायचं असतं. बेडकासारख्या उड्या, मग अस्वलासारखं चालणं, मग म्हाताऱ्या अस्वलासारखं. श्वास घेताना एक हात वर आणि सोडताना खाली, म्हणजे श्वास डोळ्यांना दिसतो. त्यानंतर भ्रामरी. कानात बोटं घालून भुंग्यासारखं गुणगुणायचं. हे मुलांना फार आवडे, कारण शाळेत आवाज करायची परवानगी एवढ्यापुरतीच होती. सगळ्यात शेवटी शवासन, तेही पोटावर कापडी ससा किंवा हत्ती ठेवून. हत्ती वर जातो, हत्ती खाली येतो, तेवढं बघायचं. हत्ती पडला तर हसायचं नाही, असा नियम होता. तो कुणी पाळत नसे.

आणि घंटी. ती बाईंच्या नवऱ्याने आणलेली. कुठल्याशा जुन्या इमारतीतली लिफ्ट भंगारात निघाली तेव्हा तिच्यातली पितळी घंटी त्याने खिशात घातली होती. मूठभर आकाराची, पण अशी नाजूक की बारीकसा धक्का बसला तरी किणकिणायची. बाईंनी तिला दोरी बांधली आणि खेळ काढला. दोरी चिमटीत धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, घंटी वाजू द्यायची नाही. वाजली की परत पहिल्या भिंतीशी, पुन्हा सुरुवात. कुणी ओरडणार नाही, कुणी पकडणार नाही. आपली आपण ऐकायची आणि आपलं आपण परत जायचं.

भिंगरीने या खेळापायी काय काय केलं म्हणून सांगू. पहिल्यांदा धावला, घंटी खणखणली. मग घंटीच मुठीत दाबून निघाला, मुलांनी आरडाओरडा केला. मग रडला, दोरी फेकली, खेळ मूर्ख आहे असं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन खिळ्याला टांगलेल्या घंटीखाली उभा राहिला. अखेर एकदा पलीकडे पोचला तेव्हा तिथे भिंतीला टेकून बसला आणि चक्क बराच वेळ बसून राहिला. आईने नंतर सांगितलं, घरी अजूनही धुडगूस असतो, पण धाकट्या बहिणीवर हात उगारला की मध्येच थबकतो कधीकधी. कधीकधीच. हळूबाईंना तेवढ्यावर आभाळ ठेंगणं झालं.

या वर्गात एक मुलगी होती. तिला मुलं पुतळी म्हणत. ती मावशीकडे राहायची. मावशी औषधाच्या दुकानात कामाला होती, दुपारी सुट्टी काढून भाचीला न्यायला यायची. पुतळी बसली की बसली. मांडी घाला म्हटलं की घालायची आणि काढा म्हणेपर्यंत काढायची नाही. शवासनात तिच्या पोटावरचा हत्ती कधी पडला नाही. बाकीची पोरं वळवळत असताना ती गालावर माशी बसली तरी हलायची नाही. हळूबाईंना तर घबाड सापडल्यासारखं झालं. ऊठसूट, "पुतळीकडे बघा. बघा जरा तिच्याकडे." मुलं बघायची आणि तिच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवायची.

घंटीच्या खेळात मात्र पुतळीची घंटी वाजायची. रोज नाही, पण वाजायची. वाजली तरी ती आपली पुढेच चालत राहायची.

"बाई, हिची वाजली! परत पाठवा हिला!" भिंगरी ओरडायचा.

"वाजू दे," बाई म्हणायच्या. "जरा तरी डगमगली का ती? मन असं हवं."

भिंगरी गप्प बसायचा, पण ते गप्प बसणं काही योगातलं नव्हतं. त्याला स्वतःला त्या पहिल्या भिंतीशी किती वेळा परत जावं लागलं होतं ते तो विसरला नव्हता. अन्याय झाला की मुलांना बरोबर कळतो. त्या दिवसांत वर्गात ज्याला नीट दिसत होतं तो भिंगरी होता, आणि जिला दिसत नव्हतं ती बाई.

मावशीने एकदा दबकत विचारलंही होतं. "बाई, घरी काही फरक दिसत नाही हो. एक मोजा घालते आणि दुसरा हातात धरून बसून राहते. डॉक्टर म्हणाले होते, ही चळवळी नाही, ही हरवणारी आहे. तर ते..."

"अहो, शांत आहे ती," हळूबाईंनी तिला मध्येच तोडलं. "शांत मुलं बघायची सवयच राहिली नाही आपल्याला." मावशी बिचारी मान हलवून गेली. शिकवणाऱ्या बाईंशी कोण वाद घालणार?

इथवर सगळं ठीक होतं, म्हणजे चुकत होतं पण कुणाचं काही जात नव्हतं. घोडं अडलं ते मोठ्या बाईंच्या खोलीत. शाळेत एक मदतनीस बाई होत्या. ज्या मुलाचं लक्ष उडतं त्याच्या शेजारी वर्गात बसायचं, पान उलटलं की बोट ठेवायचं, "इथे आहोत आपण" असं हळूच सांगायचं, हे त्यांचं काम. मुलं त्यांना शेजारबाई म्हणत. शेजारबाई एकच, आणि त्या अर्धा दिवस पुतळीजवळ बसत. दुसऱ्या एका वर्गातूनही त्यांच्यासाठी मागणी आली होती. मोठ्या बाईंनी चहा मागवला, सगळ्या शिक्षकांना बसवलं आणि विचारलं, "पुतळीला अजून गरज आहे का?"

वर्गशिक्षक काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्या आधी हळूबाई बोलल्या. "मुळीच नाही. माझ्या वर्गात सगळ्यात स्थिर कोण असेल तर ती. शेजारबाई कशाला हवी तिला?" इतक्या ठामपणे बोलल्या की विषयच मिटला. सत्र संपलं की शेजारबाई दुसऱ्या वर्गात जातील असं ठरलं. हळूबाई त्या दिवशी घरी आल्या त्या तरंगतच. योगाने एक मूल बरं झालं होतं, आणि ते त्यांच्या हातून झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्या तोंडघशी पडल्या.

झालं असं की त्या दुपारी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. शाळा सुटल्याची घंटा झाली, शवासनातून पोरं उठून सुसाट पळाली, ससे-हत्ती इकडेतिकडे पडले. बाईंनी ते गोळा करून खोक्यात टाकले, पंखा बंद केला, दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं आणि फाटकाशी आल्या. तिथे मावशी उभी होती.

"आमची कुठंय?"

"गेली की मघाशीच सगळ्यांबरोबर."

"नाही आली बाहेर. मी इथंच उभी आहे."

नळापाशी बघितलं, स्वच्छतागृहात बघितलं, मैदानाला फेरी मारली. मावशीचा आवाज चढत चढत एकदम खाली आला, आणि हळूबाईंनी तो लगेच ओळखला. फोनवरच्या नोकरीतून त्यांना ठाऊक होतं, ओरडणाऱ्या माणसाचा आवाज असा खाली येतो तेव्हा तो खरा घाबरलेला असतो. एकच जागा उरली होती. त्या धावल्या. आयुष्यभर हळू म्हणणारी बाई चपला हातात घेऊन धावली. मागोमाग मावशी. बाईंनी कुलूप काढून दिवा लावला.

गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या पलीकडे, कोपऱ्यात, पुतळी पडली होती. जशीच्या तशी, पाय लांब, हात बाजूला, पोटावर हत्ती. डोळे उघडे. दिवा लागल्यावर तिने मान वळवली.

"संपलं का, बाई?"

मावशीने तिला उचलून कवटाळलं आणि रडायला लागली. हळूबाई दारातच उभ्या राहिल्या. मूल कोंडलं गेलं याचा धसका होताच, पण त्याहून मोठा धसका दुसराच बसला होता. पोर घाबरलेली नव्हती. सगळी मुलं उठून गेली, दिवे गेले, कुलूप लागलं, आणि यातलं काहीही तिला कळलेलं नव्हतं.

"बाळा, तू काय करत होतीस इतका वेळ?" बाईंनी विचारलं.

"पंख्याच्या त्या पात्यावर डाग आहे ना, तिथे मुंगी असती तर तिला वाटलं असतं खोलीच फिरते, मग पंखा बंद झाला की तिला वाटलं असतं खोली दमली, मग ती घरी गेली असती पण तिचं घर दुसऱ्या पात्यावर असलं तर कसं जाणार, मावशीच्या दुकानात असे खण आहेत त्यात एकात गोळ्या एकात बाटल्या, त्यातल्या एका खणात मुंगीला ठेवलं तर आणि रात्री कुणी खणच बदलले तर..."

ती थांबेचना. मुंगीवरून खणांवर, खणांवरून चाव्यांवर, चाव्यांवरून समुद्राच्या तळाशी. भिंगरी दिवसभर पळून जेवढं अंतर कापत नसेल तेवढं ही पोर पाठीवर पडल्या पडल्या कापून आली होती. हळूबाई ऐकत राहिल्या आणि त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. जिला त्या स्थिर समजत होत्या ती कधी खोलीत नव्हतीच. घंटी वाजल्यावर डगमगली नाही, कारण तिने ती ऐकलीच नव्हती. आणि डोळे मिटा, गप्प पडा, असं सांगून सांगून रोज तिला त्या स्वतःच्या हाताने बाहेर सोडून येत होत्या.

दाताच्या डॉक्टरकडे त्या गेल्याच नाहीत. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बूट काढत ऐकत होता. "बंद पडलेल्या लिफ्टचा काही आवाज येत नाही गं," तो समजुतीने म्हणाला. "लोक आपले जिन्याने जातात."

"लिफ्ट नाही ती!" हळूबाई कडाडल्या. "मुलगी आहे. आणि मी तिची शेजारबाई काढून घेतली." मग त्यांना रडू आलं. नवरा एक बूट पायात, एक हातात, असा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या. चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात फार वाईट झाली. त्यांनी आधी पंख्याला दोष दिला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं, कुलपासकट.

मोठ्या बाई मनाने चांगल्या, पण त्यांच्या डोक्यावर वेळापत्रक होतं. "अहो, मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात. सगळ्यांसमोर. मी लेखी कळवून बसले वर."

"मी चुकले."

"ते मला कळलं. पण आता माझ्या हातात नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शिक्षण कार्यालयातून माणसं यायची आहेत तुमचा वर्ग बघायला, ठाऊक आहे ना? आवडला तर आणखी शाळांमधून सुरू करतील, सगळा तुमच्या हाताखाली. त्यांना मी पुतळीचंच उदाहरण दिलंय. ते तिला बघणार. तिला अजून गरज आहे असं त्यांना दिसलं, तर शेजारबाई राहतील. नाही दिसलं, तर जातील. आणि गरज आहे असं दिसलं, तर तुमच्या वर्गाचं काय, ते तुम्हीच समजा."

हळूबाईंना समजलं. पुतळी पुतळ्यासारखी पडून राहिली तर त्यांचं भलं. नाही राहिली तर पुतळीचं.

त्या दिवसापासून त्यांनी पुतळीचे डोळे मिटवणं बंद केलं. इतरांना हळू, तिला उलट. हात वर नेताना तोंडाने सांगायचं, "वर". टाळी वाजवत पाऊल टाकायचं. सिंहासनात जीभ काढून अशी गर्जना करायची की शेजारच्या वर्गातून निरोप यायचा. वृक्षासनात एका पायावर उभं राहून भिंगरीकडे चेंडू टाकायचा आणि झेलायचा. चेंडू पहिल्यांदा तिच्या कपाळावर आदळला. तिने तो कुठून आला ते बघितलं. हळूबाई म्हणाल्या, "छान."

आणि घंटीचा नियम तिलाही लागू झाला. "पुतळी, वाजली." पुतळी हातातल्या घंटीकडे बघायची, जणू आत्ताच कुणीतरी ती तिच्या हातात दिली असावी. मग परत जायची. सुरुवातीला बाईंना नाव घेऊन हाक मारावी लागे. पुढे नुसतं खांद्याला बोट लावलं की पुरे. पण आपली आपण ऐकून परत गेली, असं काही एकदाही झालं नाही. बाई वाट बघत होत्या. भिंगरीला ओरडायची बंदी होती, आणि ती पाळताना त्याचा चेहरा बघवत नसे.

मधल्या काळात पुतळी पुतळीसारखी राहिली नाही. ती प्रश्न विचारू लागली, नको तेव्हा हसू लागली, झाडासारखी उभी राहता राहता धपकन पडू लागली. "तुमची ती चांगली मुलगी बिघडली हो," एक शिक्षिका म्हणाल्या. हळूबाईंनी मूग गिळले. त्यांच्या दृष्टीने ही मोठी साधना होती.

कार्यालयातून एक साहेब आणि एक मॅडम आले. त्यांना बुटक्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीशी आले. बेडूक झाले, अस्वलं झाली, भुंगे झाले. भुंग्यांना मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी कागद चाळला. "ती एक मुलगी आहे ना, अगदी स्थिर बसणारी? तिला बघूया."

मोठ्या बाईंनी हळूबाईंकडे बघितलं. हळूबाईंनी पुतळीकडे.

एक शब्द पुरेसा होता. "नीज" म्हटलं असतं तर पोर तिथेच पडली असती, हत्ती पोटावर घेऊन, साहेबांचा चहा निवेपर्यंत. आणि हळूबाईंना तो शब्द म्हणावासा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या हाताखाली काही दिलं नव्हतं. मग खिळ्यावरची घंटी काढून त्यांनी पुतळीच्या चिमटीत दोरी दिली.

"जा," त्या म्हणाल्या.

पुतळी निघाली. साहेब बघत होते, मॅडम बघत होत्या, खोलीत पंख्याच्या डुगडुगण्याखेरीज आवाज नव्हता. अर्ध्या वाटेवर तिचं पाऊल सतरंजीच्या कडेला लागलं आणि घंटी वाजली. इतकी बारीक की बाकावर कुणाला ऐकू गेली नाही. हळूबाईंना गेली. तक्रारींच्या फोनवर तयार झालेले कान होते ते. आणि भिंगरीला गेली. त्याने ओरडायला तोंड उघडलं, आणि मग दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड गच्च दाबून धरलं. डोळे बाहेर आले त्याचे, पण हात काढले नाहीत.

हळूबाई हलल्या नाहीत. हाक मारली नाही, बोट लावलं नाही.

पुतळी आणखी एक पाऊल चालली. आणखी एक. मग थांबली. घंटीकडे बघितलं. वळली, आणि चालत चालत पहिल्या भिंतीशी परत गेली. भिंतीला पाठ टेकवली आणि नव्याने निघाली.

"हं," साहेब म्हणाले. "मध्येच परत फिरली. जमत नाही वाटतं हिला अजून."

"नाही साहेब," हळूबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या, त्यामुळे साहेब जरा गोंधळले. "अजून शेजारी कुणीतरी बसायला हवं तिच्या. बराच काळ."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. शेजारबाई पुतळीपाशी राहिल्या. हळूबाईंचा वर्ग दुसऱ्या कुठल्याही शाळेत गेला नाही, तो मागच्या खोलीतच राहिला.

शाळा सुटल्यावर पुतळी फाटकाकडे पळत सुटली. दप्तर विसरून. ते भिंगरी तिच्यामागून घेऊन पळाला.

"मावशी, माझी घंटी वाजली!"

मावशीला काही उमगेना. तिने मागून येणाऱ्या हळूबाईंकडे बघितलं. "म्हणजे चांगलं झालं की वाईट, बाई?"

"तिला ऐकू आली," हळूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदराने नाक पुसलं, भिंगरीच्या हातून दप्तर घेतलं आणि मावशीच्या हातात दिलं.